ओवीखालचं नाव

पिंपरीहून चाकणला जाताना मोबाइलवर जात्यावरची ओवी ऐकली, तर पहिल्यांदा सूर आवडतो. पण तिथेच थांबलो तर आपण ओवीचं रील करून टाकतो. खालची नोंदही वाचायला हवी : गाणाऱ्या बाईचं नाव, गाव, तालुका.

या नोंदींमागे हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांचं काम आहे. १९८०च्या दशकात मुळशी-मावळच्या डोंगरी गावांत गरिबांच्या संघटनेचं काम करताना त्यांनी ओव्या जमवायला सुरुवात केली. जमवणाऱ्यांत गावच्याच कार्यकर्त्या होत्या. संग्रह हजाराहून जास्त गावांत पोचला आणि ओव्या लाखावर गेल्या. २०१७पासून त्या ‘पारी’च्या संकेतस्थळावर येऊ लागल्या.

लोकगीताला कवी नसतो, असं आपण शाळेत शिकलो. हा संग्रह ते खोडून काढतो. ‘लोक’ म्हणजे नाव-गाव असलेल्या बायका, हे तो ओवीगणिक सांगतो. त्याचं खरं मोठेपण लाखाच्या आकड्यापेक्षा यात आहे.

तरी एक तक्रार आहे. ओव्या विषयवार लावल्या आहेत : सीता, आई, भाऊ, बाबासाहेब. अभ्यासकाची सोय होते. पण दळताना बाई माहेरावरून सासूवर, सासूवरून विठ्ठलावर जाते, त्या वळणांतच तिचा विचार असतो. ओवी सुटी करून कप्प्यात ठेवली की नाव उरतं, बोलणं तुटतं. एकेका गायिकेवरच्या व्हिडिओंत ते थोडंफार सांधलं जातं.

आता बस चाकणला पोचते. महाळुंगे, निघोजे, कुरुळीच्या भाड्याच्या खोल्यांत मराठवाड्यातली, विदर्भातली, बिहारमधली पोरं राहतात. त्यांचं सर्वेक्षण करायचं तर कागदावर रकाने येतात : वय, पगार, शिफ्ट. इथे नाव लपवणं गरजेचंही असतं. ठेकेदाराला कळलं तर काम जाईल. म्हणजे नुसतं नाव छापून न्याय होत नाही. रकाने कुणी ठरवले, हा खरा प्रश्न आहे. बोट गेल्यावर दवाखान्यात कोण आलं, हा रकाना बाहेरच्या माणसाला सुचेलच असं नाही. खोलीतल्या पोराला सुचेल.

मुळशीत विचारणारीही जात्यावर बसलेली होती. चाकणवरचा पुढचा अहवाल हातात आला की आधी एवढंच बघा : विचारणाऱ्यांत शिफ्ट करून आलेलं कुणी होतं का?