ध्यान, मेंदू आणि अनत्त

ध्यानामुळे मेंदूत घडणारे बदल दाखवून 'विज्ञानाने बुद्धाला सिद्ध केले' असे प्रतिपादन आपल्याकडील लेखनातून व भाषणांतून वारंवार केले जाते. या प्रतिपादनामागील संशोधन पाली वाङ्मयाच्या प्रकाशात तपासणे अगत्याचे आहे.

माणूस विशिष्ट कामात गुंतलेला नसतानाही मेंदूचे काही भाग परस्परांशी संलग्न राहून कार्यरत असतात. २००१ साली मार्कस राइकल व त्यांच्या सहकाऱ्यांच्या मांडणीमुळे या व्यापाराकडे लक्ष वेधले गेले. पुढे त्या जाळ्याला 'डिफॉल्ट मोड नेटवर्क' हे नाव रूढ झाले. स्वतःविषयीचे विचार, गतस्मृती व भविष्याच्या कल्पना यांच्याशी त्याचा संबंध लावला जातो. २०११ मध्ये जडसन ब्रुअर व सहकाऱ्यांनी १२ अनुभवी साधकांची नवख्यांशी तुलना केली. एकाग्रता, मेत्ता आणि मनात जे येईल त्याचे निखळ भान, या तिन्ही प्रकारांत साधकांच्या मेंदूतील या जाळ्याची प्रमुख केंद्रे कमी सक्रिय आढळली.

हे निरीक्षण मोलाचे आहे. परंतु त्याच्या मर्यादाही आहेत. एमआरआय यंत्र विचार टिपत नाही, रक्तातील प्राणवायूच्या बदलांवरून मेंदूच्या कार्याचे अनुमान देते. शिवाय दोन गटांतील भेद साधनेमुळेच निर्माण झाला की मुळातच होता, हे अशा तुलनेतून ठरत नाही.

याहून गंभीर प्रश्न अर्थनिर्णयाचा आहे. 'मी'चे केंद्र शांत झाले, म्हणजे अनत्त सिद्ध झाले, असे मानले जाते. गाढ झोपेत आणि भूल दिल्यावरही या जाळ्यातील संबंध क्षीण होतात. तेवढ्यावरून निद्रिस्ताला अनत्ताचे ज्ञान झाले, असे कोण म्हणेल? अनत्तलक्खण सुत्तात भगवंतांनी पंचवर्गीय भिक्खूंना रूप, वेदना, सञ्ञा, सङ्खार व विञ्ञाण यांची एकेक करून चिकित्सा करावयास लावली. अनत्त हे प्रज्ञेने जाणावयाचे सत्य आहे. आत्मविषयक विचारांची तात्पुरती विश्रांती म्हणजे अनत्त नव्हे.

यंत्राच्या साक्षीवर श्रद्धा उभारण्यात धोकाही आहे. २०११ साली एका लहान अभ्यासात आठ आठवड्यांच्या सजगता-प्रशिक्षणानंतर मेंदूच्या करड्या द्रव्यात वाढ आढळली, आणि तिचा मोठा गवगवा झाला. २०२२ मध्ये दोनशेहून अधिक व्यक्तींवरील काटेकोर अभ्यासात मेंदूच्या रचनेतील असा बदल आढळला नाही. मग धम्म खोटा ठरला काय? तसे नाही, कारण त्याची कसोटी तेथे नव्हतीच.

सम्मासति हे अष्टांगिक मार्गाचे एक अंग आहे. सम्मावाचा, सम्माकम्मन्त व सम्माआजीव यांच्यापासून तोडलेली सति केवळ मनःस्वास्थ्याचे साधन उरते. धम्म मूलतः सामाजिक आहे, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात निःसंदिग्धपणे मांडले. मेत्तेच्या वेळी मेंदूचा कोणता भाग मंदावतो, हे विज्ञानाने अवश्य शोधावे. मेत्ता रुजली की नाही, हे मात्र साधक दुसऱ्या माणसाशी कसा वागतो, यावरूनच ठरेल.