बरं झालेल्या माणसाचं घर : ‘देवराई’ आणि ‘कासव’ पुन्हा पाहताना

कार्यक्रमपत्रिकेवर विषय छापलाय ‘मराठी चित्रपटातील मनोरुग्ण’. तो मी थोडा अरुंद करणार आहे. आजार कसा दाखवलाय, अभिनय कसा झालाय, यावर आपल्याकडे पुष्कळ लिहून झालंय. मला एकच प्रश्न विचारायचाय : बरा व्हायला लागलेला माणूस रात्री झोपतो कुठे? ते छप्पर त्याला कोण देतं, आणि कुठल्या नात्यानं?

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर या जोडीचे दोन चित्रपट घेऊ. ‘देवराई’ 2004 चा. ‘कासव’ला 2016 सालचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, सुवर्णकमळ. दोन्ही मला मनापासून आवडतात, हे आधीच सांगतो. तक्रार आवडत्या माणसाकडेच करता येते.

‘देवराई’त शेष आहे, अतुल कुलकर्णींनी केलेला. स्किझोफ्रेनिया. कोकणातलं गाव, तिथलं रान, आणि त्याच्या डोक्यात चाललेलं सगळं. त्याची बहीण, म्हणजे सोनाली कुलकर्णी, त्याला उपचारासाठी शहरात आपल्या घरी आणते. चित्रपटाचा खरा ताण मला तिथे दिसतो. ते घर एका संसाराचं आहे. त्यात एक माणूस वाढला की संसाराच्या भिंतींवर भार येतो. बहिणीचं प्रेम खरं आहे, दमणंही खरं आहे. या चित्रपटामागे कॅनडातल्या कॅल्गरीचे डॉ. जगन्नाथ वाणी उभे होते. हा आजार त्यांनी स्वतःच्या घरात पाहिलेला होता. म्हणून घरच्यांची बाजू ‘देवराई’त इतकी नेमकी आलीय.

पण त्यातच त्याची मर्यादाही आहे. ‘देवराई’त आजारी माणसासाठी दोनच जागा उरतात : एक डॉक्टरची खोली आणि दुसरी बहिणीचं घर. बहीण नसेल तर? किंवा बहीण असेल, पण तिची दोन खोल्यांची जागा असेल तर?

इथे मला थोडं घरचं सांगावं लागेल. माझ्या धाकट्या भावाला तिसऱ्यांदा दाखल केलं होतं. चौदा महिने तो आत होता. आई गेलेली. डॉक्टर म्हणाले, आता न्या घरी. माझी मुलगी दहावीला, घर दोन खोल्यांचं. मी म्हणालो, “अजून थोडे दिवस ठेवून घ्या.” हे वाक्य मी बोललोय. ‘देवराई’तल्या बहिणीकडे पाहताना मला दर वेळी ते आठवतं.

आता ‘कासव’. इथे दिग्दर्शकांनी मोठी उडी घेतलीय. आलोक राजवाडेनं केलेला तरुण जीव द्यायला निघालेला, तापानं फणफणलेला. रस्त्यात तो जानकीला सापडतो. ही इरावती हर्षे. ती त्याची कोणी नाही. ती त्याला समुद्राकाठच्या घरी घेऊन जाते, तो कोण, कुठला, हे खोदून विचारत नाही, त्याला ‘मानव’ म्हणते. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जानकी स्वतः नैराश्यातून गेलेली बाई आहे. ती उपदेश करत नाही, कारण तिला उपदेश ऐकण्याची शिसारी ठाऊक आहे. तो जेवला नाही तर ती ताट झाकून ठेवते. हे ज्याला जमतं, त्याला आपण ‘समदुःखी सोबती’ म्हणू. आमच्या मदतगटात नुसतं ‘सोबती’ म्हणतात.

हा शोध सिनेमानं लावलेला नाही. पुण्याचं मुक्तांगण 1986 पासून चालू आहे. व्यसनातून बाहेर पडलेली माणसंच तिथे नव्या येणाऱ्यांना हात देतात. दारू सुटलेल्या माणसानं “उद्याचं सोड, आज रात्रीचं बोल” म्हटलं, तर ते ऐकलं जातं. तेच मी म्हटलं, तर ऐकणारा भिंतीकडे बघतो. पण मराठी पडद्यावर या नात्याला मध्यभागी बसवलं ते ‘कासव’नं, आणि त्याबद्दल त्याचे आभारच मानायला हवेत.

मग तक्रार काय? जानकीच्या घराचं भाडं कोण भरतं, ही.

हसू नका, मी गंभीरपणे विचारतोय. जानकीचं घर प्रशस्त आहे. गाडी आहे, ती चालवणारा यदू आहे, समोर समुद्र आहे. तिनं दार उघडलं म्हणून मानव वाचला. पण ते दार तिचं आहे. तो तिथे पाहुणा आहे, आणि पाहुण्याचा मुक्काम यजमानाच्या मर्जीवर. चांगुलपणानं दिलेलं छप्पर हे छप्पर असतंच, पण त्याची किल्ली आपल्या खिशात नसते.

चित्रपटातलं रूपकच बघा. ऑलिव्ह रिडले कासवीण वाळूत अंडी घालते आणि समुद्रात निघून जाते. माणसं ती अंडी जाळीच्या कुंपणात सांभाळतात, साधारण दीड-दोन महिन्यांनी पिल्लं बाहेर येतात, आणि मग त्यांना भरतीरेषेजवळ सोडून देतात. मोहन आगाशेंचे दत्ताभाऊ हेच काम करतात. रूपक सुंदर आहे. पण माणसाला ते पुरत नाही. पिल्लाला समुद्र मिळाला की झालं. माणसाला कुंपणातून सोडलं की त्याला समुद्र भेटत नाही, त्याला घरमालक भेटतो.

घरमालक विचारतो, “याआधी कुठे राहत होता?” चौदा महिन्यांचं उत्तर काय द्यायचं? “एकटेच? लग्न नाही?” “नोकरी?” मग अकरा महिन्यांचा करार, अनामत रक्कम, पोलीस पडताळणी. आम्ही सात जागा पाहिल्या. दोन ठिकाणी मी मोठ्या प्रामाणिकपणे आजाराचं सांगितलं, आणि दोन्हीकडून “कळवतो” असं उत्तर आलं.

आठवी जागा मिळाली ती गटातल्या सोबत्यामुळे. हा गृहस्थ वायरमन. एके काळी त्यालाही आवाज ऐकू यायचे. तो भावाबरोबर खोली बघायला गेला. मी मागे उभा होतो. मी बघत होतो रंग, फरशी, संडास. तो बघत होता वेगळंच. रात्री शेजारच्या गिरणीचा आवाज येतो का? कारण झोप मोडली की सगळं मोडतं. औषधाचं दुकान चालत जाण्याइतकं जवळ आहे का? खाली चहाची टपरी आहे का, जिथे रोज कुणीतरी “काय, आज दिसला नाहीत?” म्हणेल? मग भावाला म्हणाला, “आजाराचं सांगायचं की नाही ते तू ठरव. दादांनी नाही ठरवायचं. भाडं कुठल्या तारखेला देणार, ते मात्र आत्ताच सांग.”

“दादांनी नाही ठरवायचं.” मला ते लागलं. पण त्या एका वाक्यानं माझा भाऊ पेशंटचा भाडेकरू झाला.

हे कौशल्य आहे, मंडळी. नुसती माया नव्हे. न्यूयॉर्कमध्ये 1992 साली ‘पाथवेज टू हाउसिंग’ या संस्थेनं क्रम उलटा करून पाहिला : आधी बरे व्हा, व्यसन सोडा, मग घर, असं नाही. आधी घर, त्यावर भाडेकरूचा हक्क, आणि मग हवी ती मदत. त्या मदतीच्या चमूत आजारातून गेलेले सोबतीही होते. आपल्याकडे चेन्नईच्या ‘द बन्यन’ संस्थेनं ‘होम अगेन’ उपक्रमात साध्या वस्तीत भाड्यानं घरं घेतली. वर्षानुवर्षं संस्थेत राहिलेल्या बायका चार-पाच जणी मिळून तिथे राहतात, बाजार करतात, भांडतात, सण करतात. रक्ताचं नातं नाही, पण आजाराची ओळख सारखी.

आणि आपला कायदा? 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं 19 वं कलम सांगतं की कुटुंब नाही, कुटुंब स्वीकारत नाही किंवा घर नाही, एवढ्याच कारणानं कुणाला इस्पितळात ठेवता येणार नाही. म्हणजे मी जे “अजून थोडे दिवस” म्हणालो होतो, ते आज कायद्याच्या विरुद्ध जातं. पण कायद्यानं दार बंद केलं म्हणून दुसरं दार आपोआप उघडत नाही. सोयी उभ्या करायची जबाबदारी कायद्यानं सरकारवर टाकलीय खरी, पण गरज आणि सोय यांतलं अंतर कुठल्याही मनोरुग्णालयाच्या आवारात डोळ्यांनी दिसतं.

कुणी म्हणेल, चित्रपटाकडून कल्याणकारी योजनेची अपेक्षा का करता? बरोबर आहे. ‘कासव’ माहितीपट नाही. पण कलाकृती आपल्या कल्पनेची हद्द आखते. ‘देवराई’नं आपल्याला शिकवलं : घरच्यांनी समजून घ्या. ‘कासव’नं शिकवलं : परक्यांनीही समजून घ्या. दोन्हीकडे आजारी माणूस घेणारा आहे, आणि देणारा मोठ्या मनाचा. तिसरी गोष्ट अजून कुणी सांगितलेली नाही : ज्यात आजारातून गेलेला एक साधा माणूस दुसऱ्याबरोबर खोली बघायला जातो, आणि शेवटी किल्ली दुसऱ्याच्या हातात येते. त्यात समुद्र नसेल, रान नसेल. तिसऱ्या मजल्यावरची खोली असेल, पाणी सकाळी एक तास. पण नाट्य कमी नाही. सही करताना माझ्या भावाचा हात थरथरत होता, आणि सोबती म्हणाला, “थांब, घाई नाही.” घरमालकानंही थांबून घेतलं.

भाऊ त्या खोलीत आता चौथ्या वर्षी राहतोय. मध्ये एकदा बिघडलं. अठरा दिवस दाखल होता. त्या अठरा दिवसांत सोबत्यानं खोलीचं भाडं नेऊन दिलं, आणि टपरीवाल्याला सांगितलं, “गावाला गेलाय, येतोय.” भाऊ परत आला तेव्हा कुलूप त्याचंच होतं.

‘कासव’ पुन्हा पाहाल तेव्हा जानकीवर प्रेम करा. मीही करतो. फक्त चित्रपट संपला की एकदा विचारा : मानव आता कुठे राहत असेल?