दिशा कळते की शोधावी लागते?

२३ जून १९३१ रोजी ‘विनी मे’ हे एका इंजिनाचे विमान न्यूयॉर्कहून निघाले आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून १ जुलैला परतले. एकूण वेळ ८ दिवस, १५ तास, ५१ मिनिटे. वैमानिक वायली पोस्ट यांचे नाव सर्वतोमुखी झाले. मागे बसून विमानाचा मार्ग आखणारे टास्मानियाचे हेरॉल्ड गॅटी (१९०३–१९५७) मात्र बहुतेकांना ठाऊक नसतात. त्यांच्या निधनानंतर, १९५८ मध्ये निघालेले ‘नेचर इज युवर गाइड’ हे त्यांचे पुस्तक शिक्षकांनी जरूर वाचावे.

माणसाला दिशा ओळखणारे उपजत सहावे इंद्रिय नसते, हे पुस्तकाचे मुख्य प्रतिपादन. पॉलिनेशियन दर्यावर्दी बेट शोधतो, ते बेटावर साचणारे ढग, सायंकाळी किनाऱ्याकडे परतणारे पक्षी आणि लाटांची दिशा पाहून. गूढ वाटणारी शक्ती ही शिकता येणारी विद्या आहे, हे गॅटी पटवून देतात. पुस्तकाचे खरे मोल यातच आहे.

परंतु विषयच साधनांविना वाट शोधण्याचा असल्याने लेखकाच्या कार्याची दुसरी बाजू मागे पडते. समजा, विमान ताशी २४० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे नाक धरून चालले आहे आणि उत्तरेकडून ताशी ४० किलोमीटरचा वारा आहे. तासाभरात ते ४० किलोमीटर दक्षिणेला सरकेल. होकायंत्र मात्र पूर्वच दाखवत राहील. खालची जमीन कशी सरकते हे पाहून हा फरक मोजणारे उपकरण गॅटींनी तयार केले होते. म्हणजे निरीक्षणाला त्यांनी मोजमापाची जोड दिली. ‘यंत्र नको, निसर्ग हवा’ असा अर्थ या पुस्तकातून काढणे त्यांच्यावर अन्याय करणारे ठरेल.

दुसरी सावधगिरी अशी, की निसर्गातील खुणांना स्थळकाळाच्या अटी असतात. ‘माध्यान्हीचा सूर्य दक्षिणेला’ हा नियम लंडनला बारा महिने चालतो. मुंबईत मात्र मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत तो सूर्य उत्तरेकडे असतो. तेव्हा पुस्तकातील खुणा पाठ करून घेऊ नयेत. शाळेच्या अंगणात काठी रोवून मुलांना वर्षभर सावली मोजू द्यावी. नियम कोठे चुकतो, हे त्यांचे त्यांनाच सापडेल.