बहिणाबाईचें आत्मनिवेदन व ॲबटसाहेबांचें 'आत्मचरित्र'

डॉ. जस्टिन एडवर्ड्स ॲबट (१८५३–१९३२) यांची 'महाराष्ट्रांतील संतकवि' ही इंग्रजी ग्रंथमाला जुन्या पोथ्यांचा संग्रह करणाऱ्या वाचकांस परिचयाची आहे. १९२६ सालीं भानुदासाच्या चरित्रानें तिचा आरंभ झाला, आणि पुढें एकनाथ, दासोपंत, तुकाराम, रामदास यांच्या चरित्रांचीं भाषांतरें तींत निघालीं. मालेंतील पांचवें पुस्तक बहिणाबाईचें. तें १९२९ त प्रसिद्ध झालें. त्याच्या इंग्रजी नांवाचा अर्थ 'बहिणाबाई : तिच्या आत्मचरित्राचें व पद्यांचें भाषांतर' असा होतो. या नांवांतील 'आत्मचरित्र' हा एक शब्द तपासून पाहणें, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. शब्द लहान आहे. परंतु त्यापायीं मूळ ग्रंथाचा एक महत्त्वाचा भाग वाचकाच्या नजरेआड होतो, असें आमचें मत झालें आहे.

आरंभींच सांगणें इष्ट कीं ही टीका अनादरानें केलेली नाहीं. ॲबटसाहेबांचे वडील अमॉस ॲबट हे नगरच्या अमेरिकन मिशनांत होते. स्वतः जस्टिनसाहेब १८८१ त मिशनरी म्हणून मुंबईस आले व १९१० पर्यंत तेथें राहिले. थॉमस स्टीफन्सच्या ख्रिस्तपुराणाची देवनागरी पोथी लंडनांतील मार्सडेनच्या संग्रहांत आहे, हें १९२३ त त्यांनींच विद्वानांच्या नजरेस आणलें. पोथी हातीं धरून ती ओळखणारा हा पुरुष होता. बहिणाबाईचे अभंग शिऊर व देहूच्या बाहेर फारसे कोणी उघडून पाहत नव्हते, अशा काळीं त्यांनीं ते संपूर्ण पुस्तकाच्या योग्यतेचे मानले. आमच्या पंडितांपैकीं बहुतेकांस जें सुचलें नाहीं तें त्यांस कां सुचलें, हा पहिला प्रश्न. आणि जें त्यांस दिसलें तें त्यांनीं कोणत्या चष्म्यांतून पाहिलें, हा दुसरा.

पहिल्या प्रश्नाचें उत्तर त्यांच्या मंडळीच्या इतिहासांत आहे. ज्या संस्थेनें त्यांस धाडलें तिचा पाया १८१० त अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स प्रांतांत घातला गेला. तिचे पहिले मिशनरी गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट १८१३ त मुंबईस उतरले. १८३१ त नगरास ठाणें झालें. आणि त्याच शतकाच्या उत्तरार्धांत आमच्या नेवासें तालुक्यांतील वडाळा बहिरोबा येथेंहि त्यांचें काम सुरू झालें. ही माणसें ज्यांच्या वंशांतलीं, ते प्यूरिटन लोक १६३० च्या सुमारास इंग्लंड सोडून समुद्रापलीकडे गेले होते. बिशपाची सत्ता त्यांस मान्य नव्हती. प्रत्येक गांवची मंडळी परस्परांशीं करार करून स्वतःच उभी राही, आणि आपला पाळक आपणच निवडी.

या मंडळींत नुसत्या जन्मानें पूर्ण सभासद होतां येत नसे. १६३० नंतरच्या दहा वर्षांत तेथें अशी चाल पडली कीं, आंत येऊं इच्छिणारानें मंडळीसमोर उभें राहून आपल्या अंतःकरणावर ईश्वराची कृपा कशी झाली, पापाची जाणीव केव्हां झाली, शंका कोणत्या आल्या व त्या कशा फिटल्या, हें स्वमुखानें सांगावें, आणि ऐकणारांनीं तें खरें वाटल्यास त्यास आंत घ्यावें. त्यांच्या भाषेंत यास 'रिलेशन' म्हणत. आपला 'निवेदन' शब्द त्यास नेमका लागू पडतो. केंब्रिज गांवचा पाळक थॉमस शेपर्ड हा अशीं निवेदनें आपल्या वहींत टिपून ठेवी. १६३८ ते १६४५ या काळांतील ५१ जणांचीं कथनें त्या वहींत आहेत, आणि त्यांत मोलकरणींचींहि आहेत. वही छापून निघाली ती १९८१ त. त्याच्याच हातचीं आणखी १६ कथनें १९९१ त प्रसिद्ध झालीं. शेपर्ड वारला १६४९ त, म्हणजे तुकोबांच्या निर्याणाच्या सुमारासच. एका मोलकरणीचें मनोगत तिकडे एका वहींत उतरत होतें, तेव्हां बहिणाबाई इकडे वयांत येत होती.

ॲबटसाहेबांनीं शेपर्डची वही वाचली होती असा आमचा दावा नाहीं. परंतु ज्या समाजांत दोनशें वर्षें सामान्य बाईमाणसाचें 'मला असें झालें' हें वाक्य धर्मव्यवहाराचा आधार मानलें गेलें, त्या समाजांत वाढलेल्या पुरुषास बहिणाबाईचे अभंग हातीं येतांच त्यांची किंमत कळावी, हें स्वाभाविक आहे. आमच्याकडे शास्त्री चमत्कार पाहत आणि इतिहाससंशोधक सनावळी पाहत. बाईनें स्वतःविषयीं काय सांगितलें, इकडे फार थोड्यांचें लक्ष होतें. हें श्रेय ॲबटसाहेबांस मोकळ्या मनानें दिलें पाहिजे.

आतां दुसरा प्रश्न. आपल्या शास्त्रकारांनीं कोणत्याहि ग्रंथाचे चार अनुबंध सांगितले आहेत : विषय, प्रयोजन, संबंध व अधिकारी. याच कसोटीवर दोन्हीं निवेदनें घांसून पाहूं. न्यू इंग्लंडच्या निवेदनाचा विषय एका जीवाचा पालट, आणि प्रयोजन मंडळींत प्रवेश. बोलणारा एकटा आणि न्याय देणारी सभा, असा त्यांचा परस्परसंबंध. बोलण्याचा अधिकार कोणत्याहि वंशानें अथवा गुरूनें दिलेला नसून तो त्या अनुभवानेंच मिळावयाचा; मात्र अनुभव खरा कीं खोटा हें सभा ठरविणार. बायकांस या सभेंत पुरी मोकळीकहि नव्हती. कांहीं ठिकाणीं त्यांचें कथन खासगींत ऐकून पाळक तें सभेस वाचून दाखवी. ॲन हचिन्सन या बाईनें, ईश्वर आपल्याशीं साक्षात् बोलतो, असें सांगतांच १६३७ त तिला हद्दपारीची शिक्षा झाली व पुढच्या वर्षीं मंडळींतून काढण्यांत आलें. तिच्या विरुद्ध बोलणाऱ्या पाळकांत हाच शेपर्ड होता. अनुभव हवा, परंतु तो सभेच्या मापांत बसला पाहिजे, अशी ही रीत होती.

तिचा ताण पुढेंहि मिटला नाहीं. सभासदांच्या पोटच्या मुलांस असें निवेदन करतां येईना, तेव्हां १६६२ त त्यांच्या मुलांच्या बाप्तिस्म्यापुरती सवलत काढावी लागली. नॉर्थॅम्प्टनच्या जोनाथन एडवर्ड्सनें आपल्या आजानें शिथिल केलेली ही अट पुन्हा कडक करूं पाहिली, तर १७५० त मंडळीनें त्यालाच पदावरून दूर केलें.

आतां बहिणाबाईकडे वळूं. तिचा जन्म १६२८ त वेरूळजवळील देवगांवीं झाला व देहान्त १७०० त शिऊरास. बाळपणींच बिजवराशीं लग्न, भाऊबंदकीमुळें गांव सोडून गोदातीरानें भटकणें, पंढरपूर, रहिमतपूर, आणि मग कोल्हापूर. कोल्हापुरीं जयरामस्वामींच्या कीर्तनास तिच्यामागें जाणारें वासरूं, नवऱ्याची मारहाण, वासराचा मृत्यु, त्यानंतर स्वप्नांत तुकोबांचा उपदेश. ब्राह्मण बायकोनें शूद्र गुरु केला म्हणून नवऱ्याचा संताप, त्याचें आजारपण, मनाचा पालट, आणि शेवटीं सगळ्यांनीं देहूस जाणें. तेथें मंबाजीनें तिची गाय कोंडून मारली, तेंहि ती सांगते. स्वप्नाची तिथि व वार देण्याइतकी ती बारकाईनें बोलते. हें सर्व वाचून कोणासहि 'आत्मचरित्र' म्हणावेंसें वाटेल.

परंतु गाथा येथून सुरू होत नाहीं. ती गुरुपरंपरेनें सुरू होते. आदिनाथापासून मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ति, ज्ञानदेव, ज्ञानदेवानंतर सच्चिदानंद, पुढें विश्वंभर, राघव व केशव चैतन्य, बाबाजी, आणि मग तुकोबा. ॲबटसाहेबांनीं हे अभंग गाळलेले नाहींत. परंतु 'आत्मचरित्र' या नांवाखालीं वाचणारा मनुष्य ही नामावळी मंगलाचरणासारखी ओलांडून 'जन्म कोठें झाला' याकडे धांवतो. आमच्या मतें येथेंच मूळ ग्रंथाचा हेतु निसटतो.

विचार करावा. या बाईस न्याय देणारी मंडळी नव्हती. तिची सभा म्हणजे नवऱ्याचें घर, आणि तेथील निकाल तिच्या पाठीवर उमटत होता. गुरूचा उपदेश तिला प्रत्यक्षांत नव्हे, स्वप्नांत झालेला. त्यास साक्षीदार कोणी नाहीं. अशा बाईनें 'मी सांगतें' म्हणण्यास आधार काय? आधार ती परंपरा. वतनदार जसा तंट्याच्या वेळीं प्रथम सनद पुढें ठेवतो आणि मग आपली हकीकत सांगतो, तसें तिनें केलें आहे. परंपरेचे अभंग हे ग्रंथाचें तोरण नसून त्याची सनद आहेत. हचिन्सनबाईपाशीं केवळ स्वतःचा अनुभव होता; सभेनें तो नाकारतांच तिच्यापाशीं कांहीं उरलें नाहीं. बहिणाबाईचा अनुभव तितकाच एकाकी होता, परंतु तिनें तो एका सांखळींत ओवला, आणि ती सांखळी कोणा नवऱ्याच्या अथवा मंबाजीच्या हातची नव्हती.

आम्हां नेवासेंकरांस या सांखळींतील एक कडी विशेष जवळची आहे. शके १२१२ त प्रवरेच्या कांठीं ज्ञानेश्वरी सांगितली गेली व सच्चिदानंदबाबांनीं ती लिहून घेतली. बहिणाबाई ज्ञानदेवानंतर लगेच त्यांचें नांव घेते. ज्यानें लिहून घेतलें तो येथें गुरूच्या ओळींत बसला आहे, ही गोष्ट लेखनिकाच्या श्रमांस आपल्या परंपरेनें केवढा मान दिला तें दाखविते.

दुसरें गमक तिच्या पूर्वजन्मांचें. अंतकाळ जवळ आला असतां ती पुत्र विठोबास आपले मागील बारा जन्म सांगते. चालू जन्म तेरावा. न्यू इंग्लंडच्या ॲन ब्रॅडस्ट्रीट (मृत्यु १६७२) या कवयित्रीनेंहि आपल्या मुलांसाठीं धर्मानुभवाचें एक पत्र लिहून ठेविलें. तें हस्तलिखितांतच राहून १८६७ त छापलें गेलें. आईनें मुलास मागें ठेवण्याचें धन, एवढें साम्य दोहोंत आहे. परंतु ब्रॅडस्ट्रीटबाईचा जीव एका जन्माचा. त्यांतच त्याचा निकाल. बहिणाबाईचा 'मी' तेरा जन्मांचा. ज्या कथनाचा नायक एका देहांत मावत नाहीं त्यास 'चरित्र' हा शब्द अपुरा पडतो.

यावर कोणी म्हणेल, नांवावरून एवढा वाद कशास? उत्तर असें. मराठी आवृत्त्यांत या भागास 'आत्मनिवेदन' म्हटलेलें आहे. भागवताच्या सातव्या स्कंधांत प्रल्हादानें सांगितलेल्या नऊ भक्तींपैकीं ही शेवटची. तिचा अर्थ स्वतःस अर्पण करणें. मराठींत निवेदन म्हणजे सांगणेंहि होतें. अर्पण व कथन हे दोन्हीं अर्थ एका शब्दांत नांदतात, आणि बहिणाबाईच्या ग्रंथांतहि ते वेगळे करतां येत नाहींत. 'आत्मचरित्र' म्हटलें कीं कथन उरतें, अर्पण जातें. ॲबटसाहेबांच्या पूर्वजांचा 'रिलेशन' शब्द त्यांनीं येथें वापरला असता तर तो अधिक जवळचा झाला असता. घरचा शब्द सोडून त्यांनीं बाजारांतला घेतला, एवढीच आमची तक्रार.

शेवटीं संग्राहक बंधूंस एक विनंति. जॉन एलियटनें १६५३ त तिकडील मूळ रहिवाशांपैकीं नव्या ख्रिस्त्यांचीं निवेदनें छापलीं, तीं इंग्रजींत. त्यांच्या तोंडचे मूळ शब्द त्या पुस्तकांत नाहींत. आपल्या जिल्ह्यांतील, आतांच्या अहिल्यानगरांतील, हकीकतीहि बोस्टनच्या 'मिशनरी हेरल्ड'मध्यें अशाच इंग्रजींतून जात असत. मराठी शब्द राहिले असतील तर ते घरच्या फडताळांतच. आम्ही शिक्षक असतांना एका विद्यार्थ्यानें आपल्या पणजाची मोडी वही आणून दाखविली होती. बाप्तिस्मा घेण्यापूर्वीं आपणांस काय वाटलें, हें त्या अल्पशिक्षित माणसानें तींत आठ-दहा पानें लिहिलें होतें. तींत पेशव्यांचें नांव नाहीं, कोणत्या लढाईचा उल्लेख नाहीं, असें पाहून आम्हीं ती 'ऐतिहासिक महत्त्वाची नाहीं' म्हणून परत केली. पुढें चौकशी केली तेव्हां ती रद्दींत गेल्याचें कळलें. ज्या दृष्टिदोषाबद्दल आम्हीं वर आपल्या पंडितांस बोल लाविला तो आमचाहि होता, हें कबूल केल्यावांचून हा लेख पुरा करणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं.

तरी गाथा असो कीं वही, वारकऱ्याची असो कीं ख्रिस्त्याची, जींत एखादा सामान्य जीव स्वतःविषयीं बोलतो असें पान हातीं आलें तर तें टाकूं नये. आणि प्रत करतांना आरंभींचीं नांवें प्रथम उतरावीं. बोलणाराची सनद पुष्कळदां तेथेंच असते.