प्रतीची समकालिकता आणि संस्थेची सज्जता : राष्ट्रीय शेअर बाजारातील 2021 च्या खंडाची चिकित्सा

प्रास्ताविक

महत्त्वाच्या माहितीची दुसरी प्रत दूरच्या ठिकाणी ठेवली की ती सुरक्षित झाली, अशी समजूत बँका, शासकीय कार्यालये आणि विद्यापीठे यांच्या व्यवहारात दृढ झालेली आहे. या समजुतीची कठोर परीक्षा 24 फेब्रुवारी 2021 रोजी मुंबईत झाली. त्या दिवशी सकाळी 11.40 वाजता राष्ट्रीय शेअर बाजारातील (एनएसई) व्यवहार थांबवावे लागले. ते दुपारी 3.45 वाजता पुन्हा सुरू होऊन सायंकाळी 5 पर्यंत चालले. मधल्या काळात बाजार नेहमीच्या वेळी बंद होणार असे गृहीत धरून अनेक दलालांनी ग्राहकांचे त्या दिवसापुरते सौदे परस्पर मिटवले. जळगाव किंवा धुळे येथील छोट्या गुंतवणूकदाराचा संगणक ठीक होता व त्याची वीजही सुरू होती, परंतु त्याचा सौदा ज्या व्यवस्थेतून तपासून पुढे जावयाचा तीच बंद होती.

या घटनेत कोठेही प्रतीचा अभाव नव्हता, हे विशेष होय. वांद्रे-कुर्ला संकुलातील मुख्य केंद्राची प्रत काही किलोमीटरवरील कुर्ला येथे होती व दूरचे आपत्कालीन केंद्र चेन्नईत होते. प्रती होत्या आणि तरीही काम चार तास थांबले. तेव्हा प्रश्न प्रतीच्या अस्तित्वाचा नसून तिच्या व्यवस्थापनाचा आहे.

दुवा तुटल्यावर कोणी काय करावे?

मोठ्या संस्थांची माहिती 'स्टोरेज ॲरे' म्हणजे असंख्य डिस्कांचा समूह असलेल्या साठवण यंत्रात असते. दोन यंत्रांतील प्रत दोन प्रकारे राखता येते. समकालिक पद्धतीत प्रत्येक नोंद दुसऱ्या यंत्रात पोहोचल्याची पोच आल्यावरच ती पूर्ण झाली असे मानले जाते. असमकालिक पद्धतीत नोंद प्रथम जागेवर पूर्ण होते आणि नंतर सवडीने पुढे पाठविली जाते. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. जळगाव ते धुळे हे अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणजे या दोन शहरांत अशी जोडी उभारल्यास प्रत्येक नोंदीला जाण्यायेण्यासाठी किमान एक मिलिसेकंद लागेल. तो सोसता येतो. मुंबई-चेन्नई यांमधील हजारांहून अधिक किलोमीटरसाठी दहा मिलिसेकंदांहून अधिक लागतील. सेकंदाला हजारो सौदे नोंदविणाऱ्या बाजाराला ते परवडणारे नाही. म्हणून जवळ समकालिक आणि दूर असमकालिक प्रत ठेवण्याची रीत पडली. दूरची प्रत थोडी मागे राहणार, हे तिच्या स्वभावातच आहे.

खरी अडचण मधला दुवा तुटल्यावर उभी राहते. मुख्य यंत्रापुढे तेव्हा दोनच मार्ग असतात. नोंदी घेणे थांबवावे म्हणजे दोन्ही प्रती समान राहतील, परंतु काम बंद पडेल. किंवा काम चालू ठेवावे आणि दुसरी प्रत शिळी होऊ द्यावी. यांतील एकही मार्ग सर्वकाळ बरोबर नाही. धोका असा की यंत्राला तो मार्ग आगाऊ नेमून द्यावा लागतो आणि तो नेमताना घेतलेला निर्णय पुढे कित्येक वर्षे कोणाच्या नजरेस पडत नाही.

एनएसईने नंतर दिलेल्या स्पष्टीकरणानुसार मुंबईतील दोन केंद्रांमधील दूरसंचार दुवे अस्थिर झाले. त्याचे कारण मार्गावरील खोदकाम व बांधकाम हे होते. आराखड्याप्रमाणे दुवा गेल्यावरही मुख्य केंद्राचे साठवण यंत्र चालू राहावयास हवे होते. प्रत्यक्षात ते अनपेक्षित रीतीने वागले आणि एनएसई क्लिअरिंगची जोखीम-नियंत्रण प्रणाली अनुपलब्ध झाली. सौदे जुळविणारी प्रणाली सुरू असली तरी जोखीम तपासल्याविना व्यवहार चालू ठेवणे शक्य नव्हते.

या स्पष्टीकरणातील खोदकामाला दिलेले महत्त्व मान्य करणे कठीण आहे. सुरत-नागपूर महामार्गाचे रुंदीकरण पाहिलेल्या खानदेशातील वाचकास कुदळीने वा जेसीबीने केबल तुटणे ही बातमी वाटणार नाही. दुवे तुटणारच, हे गृहीत धरूनच तर दुसरी प्रत ठेवलेली असते. खोदकाम हे दुवा तुटण्याचे कारण होते. बाजार थांबण्याचे कारण दुवा तुटल्यावर यंत्राने केलेली चुकीची निवड हे होय. ही दोन कारणे एकत्र केली की दोष रस्त्यावर जातो व आराखडा निर्दोष ठरतो. पुरवठादार दोन होते, एवढेही पुरेसे नाही. दोन कंपन्यांच्या तारा एकाच चरातून जात असतील तर त्या एकाच घावात तुटतात. म्हणून तपासावयाच्या असतात त्या वाटा. कंपन्यांची नावे पाहून भागत नाही.

याहून गंभीर आक्षेप चेन्नईबाबत आहे. तेथील केंद्राकडे काम वळविण्यात आले नाही. वळविण्यात जोखीम असते हे खरे. मागे राहिलेल्या प्रतीवरून बाजार चालवायचा तर शेवटचे सौदे पडताळून घ्यावे लागतात. परंतु ज्या केंद्राकडे प्रसंगी वळण्याचे धाडस होत नाही ते आपत्कालीन केंद्र केवळ कागदावरच असते. सेबीने 22 मार्च 2021 रोजी काढलेल्या परिपत्रकाचा रोख नेमका येथेच आहे. महत्त्वाची प्रणाली बंद पडल्यापासून 30 मिनिटांत आपत्ती जाहीर करावी व त्यानंतर 45 मिनिटांत काम पूर्ववत करावे, असे बंधन त्यात आले. यांत्रिक मर्यादेपेक्षा निर्णयाची मर्यादा आखून देणारे हे कलम सर्वांत मोलाचे म्हणावे लागेल. घटनेसंबंधीची कारवाई 2023 मध्ये एनएसई व एनएसई क्लिअरिंग यांनी 72 कोटी रुपयांहून अधिक रक्कम भरून समझोत्याने मिटविली. पुढे 2 मार्च व 18 मे 2024 या दोन शनिवारी विशेष सत्रे घेऊन चालू बाजार दिवसाच्या मध्येच आपत्कालीन केंद्रावर वळवून पाहण्यात आला. 2021 मध्ये जे टाळले गेले ते अखेर सरावाने करून पाहिले गेले.

प्रतीतील फरकाचे मोल

समकालिक प्रतीची आणखी एक मर्यादा तंत्रज्ञांच्या चर्चेत मागे पडते. ती चूकही तितक्याच निष्ठेने उतरवते. मुख्य यंत्रात एखादा तक्ता चुकून पुसला गेला तर दुसऱ्या यंत्रातही तो मिलिसेकंदात पुसला जातो. अशी प्रत आगीपासून वाचवते. चुकीच्या आज्ञेपासून वाचवत नाही.

या दृष्टीने धुळ्यातील संशोधनपरंपरेकडे पाहणे उद्बोधक ठरते. शंकर श्रीकृष्ण देव यांनी कल्याणस्वामींच्या हातच्या डोमगाव येथील पोथीवरून दासबोध 1905 मध्ये प्रसिद्ध केला आणि समर्थ वाग्देवता मंदिरात रामदासी मठांतील बाडे जमविली. वेगवेगळ्या मठांतील या नकला वेगवेगळ्या काळी झालेल्या असल्यामुळेच परस्परांशी ताडून पाहता येतात. एका लेखनिकाची चूक त्याच्या पोथीच्या वंशात राहते. दुसऱ्या वंशातील पोथी ती उघडी करते. पाठचिकित्सेचे सर्व शास्त्र प्रतींमधील या अंतरावर उभे आहे. याच्या उलट बाजूचे उदाहरणही जवळचेच आहे. वि. का. राजवाडे यांनी 1909 मध्ये ज्या जुन्या पोथीवरून ज्ञानेश्वरी संपादिली ती पोथी आज उपलब्ध नाही. त्यामुळे त्यांच्या पाठासंबंधीचा वाद मूळ पाहून मिटविण्याची सोय उरलेली नाही. छापील आवृत्ती सर्वत्र पोहोचली, परंतु तिची पडताळणी करणारे काहीच राहिले नाही.

हे साम्य फार ताणू नये. बाजाराच्या नोंदींना पोथ्यांप्रमाणे शंभर वर्षांच्या अंतराने नकलून चालणार नाही. तथापि क्षणाक्षणाला सारखी राहणारी प्रत आणि ठरावीक वेळी घेऊन वेगळी, न बदलता येणारी ठेवलेली प्रत ही दोन वेगळ्या संकटांवरची उत्तरे आहेत. एकीच्या बळावर दुसरी रद्द करण्याची काटकसर मोठ्या खर्चाच्या यंत्रणेतही होते आणि लहान महाविद्यालयाच्या परीक्षा विभागातही. जेथे गुणांच्या नोंदी एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर आपोआप उतरतात, तेथे गेल्या महिन्याची प्रत कोठे आहे, ती शेवटची कधी उघडून पाहिली आणि दुवा तुटल्यास यंत्र थांबेल की चालू राहील, हे तीन प्रश्न यंत्र पुरविणाऱ्यास खरेदीपूर्वी लेखी विचारावयास हवेत. निविदेच्या नमुन्यात ते सहसा नसतात. तेथे साठवणक्षमतेचे टेराबाईट असतात.