नामसादृश्य आणि वंशनिश्चय : स्टीफन हॉपकिन्सच्या कुलवृत्तान्ताची चिकित्सा

ग्रीक ‘थेऑस’ आणि लॅटिन ‘देउस’ हे शब्द अर्थाने एक आणि उच्चाराने जवळजवळ सारखे आहेत. तरीही त्यांचे मूळ एक नव्हे, हे तौलनिक भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याला प्रारंभीच शिकविले जाते. एकट्या शब्दाचे सादृश्य म्हणजे नाते नव्हे. वंशशोधनाच्या क्षेत्रात हा संयम फार उशिरा आला. १६२० साली ‘मेफ्लॉवर’ जहाजातून अमेरिकेस गेलेल्या स्टीफन हॉपकिन्सचा कुलवृत्तान्त ज्या रीतीने रचला गेला, मोडला गेला आणि पुन्हा उभारला गेला, ती रीत या दृष्टीने तपासून पाहण्यासारखी आहे.

प्लिमथ वसाहतीचा गव्हर्नर विल्यम ब्रॅडफर्ड याने सतराव्या शतकाच्या मध्यास प्रवाशांची जी यादी लिहून ठेवली, तीत हॉपकिन्सची पत्नी एलिझाबेथ हिच्याबरोबर जाइल्स व कॉन्स्टन्स ही दोन अपत्ये नोंदलेली असून ती पूर्वीच्या पत्नीची असल्याचे म्हटले आहे. ती पत्नी कोण, कोणत्या गावची, याविषयी यादीत अक्षर नाही. ही रिकामी जागा वंशावळकारांना सोसवली नाही. ग्लॉस्टरशर परगण्यातील वॉटन-अंडर-एज येथील एक हॉपकिन्स घराणे मूळ घराणे म्हणून पुढे करण्यात आले, आणि पहिल्या पत्नीचे नाव कॉन्स्टन्स डडली असे ठरले. यापैकी दुसरे विधान तर निव्वळ कल्पित होय. मुलीचेच नाव आईला द्यावयाचे आणि त्यास एका बड्या सरदारघराण्याचे आडनाव जोडावयाचे, असाच हा प्रकार दिसतो. ते छापले गेले, उतरून घेतले गेले आणि पुनरुक्तीच्या बळावर प्रमाण ठरले. बखरींतील वंशावळी चाळलेल्या वाचकास यात नवल वाटणार नाही.

१९९८ साली कॅलेब जॉन्सन यांनी हॅम्पशर परगण्यातील हर्स्ली या गावच्या चर्चमधील नोंदी ‘द अमेरिकन जीनिऑलॉजिस्ट’ या नियतकालिकात प्रसिद्ध केल्या आणि ही सर्व इमारत कोसळली. तेथे स्टीफन हॉपकिन्सच्या अपत्यांचे बाप्तिस्मे आढळतात : थोरली एलिझाबेथ, मागून कॉन्स्टन्स (११ मे १६०६) आणि जाइल्स (३० जानेवारी १६०८, त्या काळी इंग्लंडात वर्ष २५ मार्चला सुरू होत असल्याने नोंदीप्रमाणे हे १६०७ साल). पत्नीचे नाव मेरी; तिचे दफन ९ मे १६१३ रोजी झाले. लंडनजवळील व्हाइटचॅपल येथे स्टीफन हॉपकिन्स व एलिझाबेथ फिशर यांच्या विवाहाची जी नोंद आहे, ती फेब्रुवारी १६१८ ची.

येथे सिद्धतेचे बळ ‘स्टीफन हॉपकिन्स’ या नावात मुळीच नाही. ते नाव वॉटनलाही होते, आणि तेच तर दिशाभूल करून गेले. बळ आहे ते नावांच्या संगतीत. कॉन्स्टन्स हे त्या काळातील ग्रामीण नोंदींत तसे विरळ नाव; ते जाइल्सच्या जोडीने, त्याच पित्याच्या घरी, अपेक्षित वयक्रमाने यावे हा योगायोग मानणे कठीण आहे. एकाकी साम्य टाकून नियमित अनुबंध शोधणाऱ्या भाषाशास्त्रज्ञाची पद्धती याहून वेगळी नाही.

१६०९ साली बर्म्यूडाच्या किनाऱ्यावर फुटलेल्या ‘सी व्हेंचर’ जहाजातही एक स्टीफन हॉपकिन्स होता. बंडाच्या आरोपावरून त्यास मृत्युदंड फर्मावला गेला व पुढे क्षमा मिळाली, असे विल्यम स्ट्रेची सांगतो. हाच मेफ्लॉवरचा प्रवासी काय? केवळ नावावरून हे मानता येणार नाही. परंतु स्ट्रेचीच्या वृत्तान्तातील कैदी आपल्या बायकामुलांची दुर्दशा होईल म्हणून प्राणांची भीक मागतो, आणि हर्स्लीतील कुटुंब त्या वेळी खरोखरच लहान मुलांचे आहे. शिवाय १६२० साली केप कॉडच्या रानात हरणासाठी लावलेला फास पाहताच तो कशासाठी आहे हे ओळखणारा माणूस हॉपकिन्सच होता. अमेरिकेच्या पूर्वानुभवाशी हे जुळते. पुरावा अनुमानात्मक खरा, पण अनेकमुखी आहे.

याच धाग्याने पुढे जाऊन ‘द टेम्पेस्ट’ मधील मद्यपी स्टेफानो म्हणजे हॉपकिन्सच, असे अनेकांनी सुचविले आहे. शेक्सपिअरने ‘सी व्हेंचर’चा वृत्तान्त वापरला असावा, हे मत सर्वसाधारणपणे मान्य आहे, नावाचा तर्क मात्र टिकत नाही. ‘द मर्चंट ऑफ व्हेनिस’ मध्ये पोर्शियाच्या पदरी स्टेफानो नावाचा सेवक आहेच, आणि ते नाटक जहाज फुटण्यापूर्वी सुमारे नऊ वर्षे छापले गेले होते. वाङ्मयसमीक्षकांनीही वॉटनच्या वंशावळकारांचीच चूक करावी, ही खेदाची गोष्ट होय.

जन्मदात्यांचा प्रश्न २००४ साली अर्नेस्ट ख्रिस्टेन्सन यांनी हाती घेतला. हॅम्पशरमधील अपर क्लॅटफर्ड येथे ३० एप्रिल १५८१ रोजी बाप्तिस्मा झालेला, जॉन हॉपकिन्स व एलिझाबेथ विल्यम्स यांचा पुत्र तो हाच, असे त्यांचे प्रतिपादन आहे. या पायरीवर पुराव्याचा भार पुन्हा नाव, वय आणि परिसर यांवर येतो. जाइल्स-कॉन्स्टन्ससारखी जोडी हाताशी नाही. याची जाणीव ठेवूनच लेखकाने आपल्या शीर्षकात ‘संभाव्य’ हा शब्द घातला. लोकप्रिय वंशवृक्षांत मात्र जॉन व एलिझाबेथ यांची नावे उतरली आहेत आणि तेवढा एक शब्द गळाला आहे.