खुनी, भूत आणि कारण : अल्पखर्ची भयपटांविषयीच्या रसिकमताचा विचार

१. पूर्वपक्ष

भयपटांचा, आणि त्यातही अल्प खर्चात, स्वतंत्रपणे काढलेल्या खूनपटांचा विचार विद्यापीठीय समीक्षेत सहसा होत नाही. रात्रीचे घर, मुखवटा घातलेला खुनी, त्याच्या हातातील सुरा आणि एकामागून एक बळी पडणारी तरुण माणसे एवढ्या सामग्रीवर उभ्या असलेल्या या प्रकाराला ‘स्लॅशर’ असे इंग्रजी नाव आहे व मराठी रसिकही तेच वापरतात. हा प्रकार हीन अभिरुचीचा ठरवून बाजूला सारणे सोपे आहे. परंतु ज्यांनी हे चित्रपट आवडीने व वारंवार पाहिले आहेत, त्यांच्या बोलण्यात एक बऱ्यापैकी सुसंगत मत आढळते, आणि कोणत्याही सुसंगत मताला उत्तर देणे हे समीक्षेचे कर्तव्यच होय.

या मताची तीन कलमे सांगता येतील. पहिले असे, की अल्प खर्च हा या चित्रपटांचा दोष नसून गुण आहे. नामांकित नट नसल्यामुळे कोण जगेल व कोण मरेल याचा अंदाज प्रेक्षकाला करता येत नाही. सजवलेली दृश्ये नसल्यामुळे जागा खरी वाटते. दुसरे, खुन्याला कारण असता कामा नये. त्याने का मारले हे कळले की भय ओसरते. तिसरे कलम पहिल्या दोहोंतून निघते : आपल्याकडील भयपटांनी या परक्या प्रकारात गाणी, विनोद, मंत्र आणि शाप मिसळून तो बिघडवला, म्हणून ते नक्कल म्हणूनही अपुरेच होत.

पहिले कलम बव्हंशी मान्य करण्यासारखे आहे. दुसरे व तिसरे यांचा मात्र वेगळा विचार करावा लागतो.

२. खर्च आणि मुखवटा

जॉन कारपेंटर यांचा ‘हॅलोवीन’ (१९७८) सुमारे सव्वातीन लाख डॉलरांत तयार झाला. त्यातील खुन्याचा मुखवटा म्हणजे ‘स्टार ट्रेक’ या मालिकेतील कप्तान कर्क याचा बाजारात मिळणारा रबरी चेहरा. त्याला पांढरा रंग देऊन, केस बदलून तो वापरला गेला. नव्या पैशांनी घडवलेला कोणताही राक्षस त्या भावशून्य पांढऱ्या चेहऱ्याइतका परिणामकारक ठरला असता असे वाटत नाही.

याच सुमारास मुंबईत रॅमसे कुटुंबाचा उद्योग चालू होता. फतेहचंद रॅमसे यांचा ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ (१९७०) हा चित्रपट चालला नाही. परंतु त्यात पृथ्वीराज कपूर भयानक मुखवटा घालून चोरी करतात तेवढ्या प्रसंगी प्रेक्षागृह दचकते, ही गोष्ट त्यांच्या मुलांनी हेरली. त्या निरीक्षणातून ‘दो गज जमीन के नीचे’ (१९७२) निघाला. त्याचे चित्रीकरण महाबळेश्वरात झाले. लेखन, छायालेखन, ध्वनिलेखन, संकलन व दिग्दर्शन ही कामे भावांनी आपसांत वाटून घेतली होती. एका कुटुंबाच्या घरखर्चाच्या पद्धतीने चित्रपट काढण्याचा हा प्रयोग होता आणि तो यशस्वी झाला.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. रॅमसेंच्या भयाचा आरंभ भुतापासून झालेला नाही. तो मुखवटा घातलेल्या माणसापासून झाला आहे. म्हणजे अमेरिकन खूनपटाचे मुख्य साधन ‘हॅलोवीन’च्या आठ वर्षे आधी त्यांच्या हाती आलेले होते. तरीही पुढे त्यांनी त्या मुखवट्याआड माणूस ठेवला नाही. तेथे सामरी बसवला. असे का झाले, हा खरा प्रश्न आहे. ‘पैसा कमी होता’ हे त्याचे उत्तर नव्हे, कारण मुखवट्यातील माणूस हा सामरीपेक्षा स्वस्तच पडला असता.

३. भीतीचे व्याकरण

या प्रश्नाकडे भाषेच्या बाजूने पाहिले तर काही उलगडा होतो. मराठीत ‘मी भितो’ असे म्हणता येते, परंतु अचानक आलेल्या भीतीसाठी सहज तोंडी येणारी रचना ‘मला भीती वाटली’ ही आहे. भिणारा येथे कर्ता नाही. भीती त्याच्याकडे येते. भुताच्या बाबतीतही तेच घडते. भूत ‘लागते’, ‘धरते’, ‘झपाटते’, ‘पछाडते’, आणि पुढे ते ‘उतरते’ किंवा ‘उतरवले’ जाते. या क्रियापदांच्या मालिकेत बाधा आहे, बाधित आहे आणि उपायही आहे. सुरा घेऊन आलेल्या माणसासाठी ही मालिका चालत नाही. तो मारतो, आणि वाक्य तेथेच संपते.

नामांकडे वळले तर हे अधिक स्पष्ट होते. मुंज झाल्यावर, सोडमुंज होण्यापूर्वी मेलेला मुलगा मुंजा होतो. बाळंतपणात मेलेली स्त्री हडळ होते. बुडून मेलेला गिऱ्हा होतो. यांतील प्रत्येक शब्द भुताचे नाव सांगतो आणि त्याच दमात त्याच्या मरणाचे कारणही सांगतो. कुणाचे काहीतरी राहून गेले आहे, असे त्या शब्दातच गृहीत आहे. २०२४ साली ‘मुंज्या’ या हिंदी चित्रपटाला कोकणातील या एका शब्दाने सबंध कथानक पुरवले, ते त्यामुळेच. अशा भाषेत वाढलेल्या प्रेक्षकापुढे कारण नसलेला खुनी उभा केला, तर प्रेक्षक प्रथम त्याचे नाव विचारील, आणि नाव मिळाले की कारणही मिळेल.

महेश कोठारे यांच्या ‘झपाटलेला’ (१९९३) या चित्रपटाची परीक्षा या दृष्टीने करण्यासारखी आहे. त्याचा आधार टॉम हॉलंड यांचा ‘चाइल्ड्स प्ले’ (१९८८) हा चित्रपट होय, हे कोणापासून लपलेले नाही. मरणाऱ्या गुन्हेगाराने मंत्राच्या बळावर बाहुल्यात शिरणे आणि ज्याला आपले रहस्य प्रथम सांगितले त्याच्याच देहात जाण्याची त्याची धडपड, हे दोन्हीकडे समान आहे. परंतु मूळ शीर्षक खेळाचे आहे, तर मराठी शीर्षक एक भूतकालवाचक धातुसाधित विशेषण आहे, आणि ते ज्याला बाधा झाली त्याचे वर्णन करते. बाधा करणाऱ्याचे नाव त्याहून बोलके आहे. ‘तात्या’ हे घरातील वडीलधाऱ्या पुरुषाचे संबोधन. त्याला ‘विंचू’ जोडले की आपल्याच माजघरातील भीती तयार होते. रामदास पाध्ये यांची बाहुली व दिलीप प्रभावळकर यांचा आवाज यांनी त्या नावाला देह दिला. प्रेक्षक हसला, आणि हसता हसता भ्यालाही. रसिक ज्याला भेसळ म्हणतात ती वस्तुतः एका भाषेतील भीतीचे दुसऱ्या भाषेतील भीतीत झालेले रूपांतर आहे.

निवडही लक्षणीय आहे. रॅमसेंच्या ‘महाकाल’ने वेस क्रेव्हन यांच्या ‘अ नाइटमेअर ऑन एल्म स्ट्रीट’ (१९८४) या चित्रपटातील स्वप्नात शिरणारा खुनी घेतला आणि त्याला मुलांचे बळी देणारा मांत्रिक केले. मूळ चित्रपटात या खुन्याला पालकांनी जाळून मारलेले आहे, म्हणजे त्याला पूर्ववैर आहे. आपल्या निर्मात्यांनी ज्यांची उघड रूपांतरे केली ते हे दोन्ही खुनी कारण आणि जादू यांसह आलेले आहेत. ‘हॅलोवीन’मधील अबोल, निष्कारण खुन्याला येथे असा मान मिळाला नाही. नक्कल करणाऱ्यानेही आपल्याला काय पचेल ते पाहूनच घेतले, असा याचा अर्थ होतो.

येथवर तिसऱ्या कलमाचे निरसन होते. दुसरे कलम मात्र इतक्या सहज निकालात निघत नाही.

४. कारणाची किंमत

‘पुराना मंदिर’ (१९८४) या रॅमसेपटात राजाने शिरच्छेद केलेला सामरी मरताना शाप देतो, आणि त्या घराण्यातील स्त्रिया पिढ्यान्‌पिढ्या बाळंतपणात मरतात. कारण पुरेपूर आहे. परंतु ते कोणाला भोगावे लागते? शासन करणारा राजा सुटतो व त्याच्या वंशातील, काहीही न केलेल्या मुली मरतात. कारण सांगण्याने कथा सुबोध होते, पण त्याबरोबर मरणाऱ्याच्या माथी एक न घेतलेले कर्जही बसते. प्रेक्षक मग मृताविषयी हळहळण्याऐवजी हिशेब जुळला म्हणून समाधान पावतो. या जातीच्या चित्रपटांचा सर्वांत मोठा नैतिक दोष तोच होय. त्यापुढे रक्ताचा भडक रंग ही अगदी किरकोळ बाब आहे.

वस्तुस्थिती अनेकदा असा हिशेब देत नाही. रामन राघव याने १९६० च्या दशकात मुंबईच्या उपनगरांत रात्री झोपडीत व पदपथावर झोपलेल्या माणसांचे खून केले. १९६८ च्या ऑगस्टमध्ये तो पकडला गेला. त्याला झालेली देहान्त शिक्षा पुढे मानसिक विकाराच्या कारणास्तव जन्मठेपेत बदलण्यात आली. ज्यांना त्याने मारले त्यांनी त्याचे काही केलेले नव्हते, कुणाचा शाप घेतलेला नव्हता; त्यांना दार लावून झोपण्याजोगे घर नव्हते, एवढेच. श्रीराम राघवन यांनी १९९१ साली रघुवीर यादव यांना घेऊन या प्रकरणावर अल्प साधनांत जो लहान चित्रपट केला, तो या दृष्टीने महत्त्वाचा आहे. खुन्याच्या बोलण्यातून त्याचे विस्कटलेले जग दिसते, परंतु बळींच्या बाजूने कोणतेही समर्थक कारण पुरवले जात नाही.

रसिक जेव्हा ‘खुन्याला कारण नको’ असे म्हणतो तेव्हा त्याच्या मनात बहुधा केवळ भयाची तीव्रता असते. परंतु त्या मागणीत त्याच्या ध्यानी न आलेले एक सत्य आहे : कारण नसले म्हणजे मरणारा निर्दोष राहतो. अमेरिकन निर्मात्यांनाही ते फार काळ पेलले नाही. ‘हॅलोवीन’च्या १९८१ सालच्या उत्तरभागात नायिका ही खुन्याची बहीण असल्याचे सांगण्यात आले, आणि पहिल्या भागातील मोकळी, अनाकलनीय भीती घरगुती भांडणाच्या पातळीवर आली.

याचा अर्थ कारण सर्वथा वर्ज्य आहे असा नव्हे. विशाल फुरिया यांच्या ‘लपाछपी’ (२०१७) या मराठी चित्रपटात सावकारांना चुकवण्यासाठी एक जोडपे उसाच्या फडातील एकाकी घरात येऊन राहते. स्त्री गरोदर आहे. मोजकी पात्रे, एक घर आणि वाट चुकवणारा ऊस एवढेच भांडवल. येथेही भूत आहे व कारणही आहे : जन्मू न दिलेल्या, मारलेल्या मुली. परंतु हे कारण मरणाऱ्यांच्या माथी बसत नाही. ते मारणाऱ्या कुटुंबाला जाब विचारते. कॅरॉल क्लोव्हर यांनी १९८७ साली खूनपटांतील शेवटपर्यंत टिकणाऱ्या मुलीकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. ‘लपाछपी’ची नायिका तिच्या जातीची आहे, पण तिला स्वतःबरोबर पोटातील जीवही वाचवायचा आहे. कर्ज कोणाचे आणि ते फेडायचे कोणी, हा प्रश्न या चित्रपटाने नीट विचारला, म्हणूनच तो ‘पुराना मंदिर’च्या पुढे गेला आहे.

५. वाडा नसलेले शहर

रॅमसेपटांत तरुण मंडळी शहरातून मोटारीने निघतात व जुन्या हवेलीत पोचतात. ‘पछाडलेला’ (२००४) या मराठी चित्रपटातही वाडाच लागतो. भय जुन्या वास्तूत असते हा त्यामागचा संकेत. ‘हॅलोवीन’ने तो मोडला : त्यातील खून नव्या, नीटनेटक्या उपनगरात, एकमेकांसारख्या दिसणाऱ्या घरांमध्ये होतात. वाशी, नेरूळ, खारघर अशा वसाहतींत वाढलेल्या रसिकाला हवेलीपेक्षा हे उपनगर जवळचे वाटते, यात नवल नाही. विभाग क्रमांकांनी ओळखले जाणारे रस्ते, एका साच्याचे जिने, बंद दारे आणि शेजारच्याचे नाव ठाऊक नसणे हा त्याचा रोजचा अनुभव आहे. अल्पखर्ची खूनपटाला याहून सोयीचे नेपथ्य मिळणार नाही.

तथापि नवी मुंबई सर्वस्वी स्मृतिहीन आहे असे समजणे चूक ठरेल. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि ९५ गावांच्या जमिनीवर हे शहर आखले गेले. आगरी व कोळी समाजाच्या त्या जमिनींच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जे आंदोलन झाले, त्यात १९८४ च्या जानेवारीत जासई परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण मृत्यू पावले. म्हणजे या नव्या शहराखालीही कुणाचे काहीतरी राहिलेलेच आहे. येथे भयपट रचू पाहणाऱ्यापुढे दोन्ही वाटा खुल्या आहेत : शेजारच्या जिन्यावरील निष्कारण खुनी, किंवा भूखंडाखालचे जुने देणे.

यांपैकी कोणती वाट घ्यावी हे समीक्षेने ठरवू नये. तिने कसोटी तेवढी सांगावी, आणि ती कसोटी रसिकांच्या दुसऱ्या कलमातूनच मिळते. भूत असो वा माणूस, कारण असो वा नसो, जो मेला त्याच्यावर चित्रपटाने खोटे कर्ज लादले आहे काय, हे पाहावे. ज्या चित्रपटाने ते लादलेले नाही त्याचा मुखवटा कितीही स्वस्त असला, तरी त्याची गणना हीन अभिरुचीत करता येणार नाही.